हसवणाऱ्याला कोण विचारतं?

'पात्र' हा शब्द मोठा गमतीचा आहे. नाटकातल्या माणसालाही आपण पात्र म्हणतो आणि पूजेतल्या भांड्यालाही पात्रच म्हणतो. साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त नावाचा थोर पंडित होऊन गेला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर त्याने मोठी टीका लिहिली. तिच्यात तो या शब्दाचा फार मार्मिक उलगडा करतो. त्याचा आशय असा, की रसाची चव घेतो तो प्रेक्षक. नट हे नुसतं भांडं. मद्याची चव पिणाऱ्याला कळते, भांड्याला कळत नाही. म्हणून नटाला पात्र म्हणायचं.

वर्गात हे सांगितलं की मुलं खूश व्हायची. शास्त्र म्हणून ते बरोबरही असेल. पण भांडं म्हणजे शेवटी पितळेचं, माणूस हाडामांसाचा. त्यात आपण रोज काय ओततो, याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नसेल का? हा प्रश्न माझ्या डोक्यात पुन्हा उभा राहिला तो दवाखान्यात काम करणाऱ्या विदूषकांमुळे. आजारी मुलांच्या वॉर्डात जाऊन त्यांना हसवणारी ही माणसं. जगात बऱ्याच ठिकाणी हा आता रीतसर पेशा आहे, आणि आपल्याकडेही हळूहळू रुजतो आहे. मुलांना त्याचा काय फायदा होतो यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण हसवणाऱ्याचं काय होतं? संध्याकाळी तो घरी जातो तेव्हा बरोबर काय घेऊन जातो? त्याची विचारपूस करायला माणसं कधी शिकली, याचा थोडा इतिहास आज सांगावा म्हणतो. मंडळी, लेख जरा लांबणार आहे, चहा जवळ ठेवा.

सुरुवात आपल्या घरापासून करू. भरताने हास्यरसाचा रंग पांढरा सांगितला आहे. (पुढे युरोपातले विदूषक तोंडाला पांढरा रंग फासू लागले. दोघांचा काही संबंध नाही, पण मौज वाटते.) हास्याचे त्याने दोन प्रकार केले. स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. संस्कृत नाटकातला विदूषक हा या दुसऱ्या प्रकाराचा मालक. टकला, दात पुढे आलेला, पाठीत वाकलेला, हातात वेडीवाकडी काठी, आणि मन सदैव मोदकांवर! राजाला प्रेमाची दुखणी होतात, याला फक्त भूक लागते. त्याला दुःख असतं का, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. पात्रच ते!

अपवाद एकच, निदान माझ्या वाचनातला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला मैत्रेय. चारुदत्त श्रीमंत होता तेव्हा मैत्रेयाने त्याच्या घरी भरपूर गोडधोड खाल्लं. चारुदत्ताला दारिद्र्य आलं, बाकीचे मित्र पांगले, पण हा राहिला. चिडचिड करतो, कुरकुरतो, पण राहतो. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात तेव्हा मित्राशिवाय जगायची याची तयारी नसते. हसवणाऱ्यालाही काळीज असतं, हे शूद्रकाने त्या काळी दाखवून ठेवलं. मैत्रेयाची आठवण ठेवा, पुढे तो आपल्याला एका परक्या देशात भेटणार आहे.

मराठी रंगभूमीवरही विदूषक अगदी पहिल्या दिवसापासून आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत सूत्रधाराच्या मागोमाग विदूषक नाचत यायचा, लोकांना हसवून मोकळं करायचा आणि मग देवादिकांचं आख्यान सुरू व्हायचं. पुढे १८८० साली दोन गोष्टी घडल्या. २० मार्चला विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईच्या क्रॉस मैदानावर आपल्या सर्कशीचा खेळ केला, भारतीय सर्कशीची सुरुवात तिथून मानतात. आणि ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं. एकाच वर्षात तंबूतला जोकर आणि दुष्यंताचा विदूषक, दोघेही आपल्या लोकांपुढे आले. तमाशातला सोंगाड्या तर त्याआधीपासून होताच.

आमच्या पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. रात्रभर नाटक चालतं, आणि त्यात विनोदी पात्र नसेल तर प्रेक्षक उठून जातील. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लोक त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. हसवणाऱ्याचा दिल्लीत सन्मान झाला, म्हणून आम्हा वैदर्भीयांना केवढा आनंद झाला.

पण या सगळ्या परंपरेत एक गोष्ट समान आहे. खेळ थांबायचा नाही. घरी कोणी गेलं तरी तोंडाला रंग लावायचा. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, खेळाच्या मध्ये बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. १९७० सालच्या 'मेरा नाम जोकर'मध्ये राजूची आई तंबूतच प्राण सोडते आणि राजूला लोकांना हसवावं लागतं. आपण हे ऐकतो, पाहतो, डोळे पुसतो आणि 'वा, काय ही निष्ठा!' म्हणतो. त्या माणसाला त्या दिवशी सुट्टी का मिळाली नाही, हा साधा प्रश्न आपल्या मनात येत नाही. कौतुक करणं सोपं असतं, त्यात खर्च नसतो.

तिकडे युरोपातही वेगळं नव्हतं. लंडनमध्ये जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८ ते १८३७) नावाचा विदूषक फार गाजला. त्याच्या आठवणींचं पुस्तक १८३८ मध्ये निघालं, ते साफसूफ करून देणारा संपादक होता तरुण चार्ल्स डिकन्स. या ग्रिमाल्डीच्या नावाने एक किस्सा सांगतात. एक उदास माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर म्हणतात, 'औषध नको, ग्रिमाल्डीचा खेळ बघून या.' तो म्हणतो, 'डॉक्टर, ग्रिमाल्डी मीच.' तुम्हीही हा किस्सा कुठल्या ना कुठल्या नटाच्या नावावर ऐकला असेल. ग्रिमाल्डीचे शेवटचे दिवस हालाखीत गेले हे खरं आहे, कसरती करून शरीर मोडलं होतं. पण 'हसवणारा आतून रडका असतोच' अशी जी समजूत या किश्शाने पसरवली, ती मला पटत नाही. ती समजूत सोयीची आहे. दुःख हा त्याचा स्वभावच ठरवला, की आपल्याला त्यासाठी काही करावं लागत नाही.

अलीकडचं उदाहरण रॉबिन विल्यम्सचं. अमेरिकेत पॅच ॲडम्स नावाचे डॉक्टर आहेत. तरुणपणी जीव नकोसा झाल्यामुळे ते स्वतः मनोरुग्णालयात राहिले होते. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी विदूषकाच्या वेशात रुग्णांकडे जायला सुरुवात केली, १९७१ मध्ये आपली संस्था काढली. त्यांच्यावर १९९८ साली चित्रपट निघाला, त्यात विल्यम्सने काम केलं. जगभर दवाखान्यातला विदूषक लोकांना ठाऊक झाला तो या चित्रपटामुळे. २०१४ मध्ये विल्यम्सने आत्महत्या केली तेव्हा सगळीकडे तेच सुरू झालं, 'बघा, हसवणारा आतून कसा एकटा होता.' पुढे शवविच्छेदनात निघालं, की त्याला मेंदूचा एक गंभीर आजार होता आणि जिवंतपणी त्याचं नीट निदान झालं नव्हतं. म्हणजे प्रश्न काव्याचा नव्हता, निदानाचा होता.

आता मूळ विषयाकडे येतो. मुलांच्या वॉर्डात विदूषक अधूनमधून आधीही जात असत. पण त्याचं रीतसर काम झालं ते १९८६ साली, आणि तेही दोन ठिकाणी, एकमेकांना न विचारता.

एक ठिकाण न्यूयॉर्क. तिथे 'बिग ॲपल सर्कस' नावाची सर्कस होती, १९७७ मध्ये निघालेली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक मायकेल ख्रिस्टेनसेन, स्वतः विदूषक. १९८५ मध्ये त्याचा भाऊ कर्करोगाने गेला. त्या दुःखातून बाहेर येत असतानाच त्याला मुलांच्या एका हॉस्पिटलने कार्यक्रमाला बोलावलं. तो डॉक्टरचा पांढरा कोट घालून 'डॉक्टर स्टब्स' होऊन गेला. मुलांना लाल नाकाचं रोपण कर, चॉकलेटच्या दुधाची सलाईन लाव, असले उद्योग. डॉक्टरांचीच टिंगल, डॉक्टरांच्याच देखत! मुलं पोट धरून हसली. त्यातून सर्कशीचा एक वेगळा विभागच सुरू झाला. पगारी, शिकवलेले विदूषक नेमून दिलेल्या दिवशी वॉर्डात फिरू लागले.

दुसरं ठिकाण कॅनडातलं विनिपेग. तिथे केरन रिड नावाची तरुणी मुलांच्या रुग्णालयात नोकरीला होती. ती 'रोबो' नावाची विदूषक झाली. ही रोबो बोलायची नाही. पुढे १९८९ मध्ये केरन रिड शांततेच्या कामासाठी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात गेली. तिथे यादवी चालू होती. सैनिकांनी तिला आणि मार्सेला रॉड्रिग्ज या तिच्या कोलंबियाच्या सहकारी बाईला पकडलं. डोळे बांधून चौकशी, मारहाण. कॅनडाने हालचाल केली, केरनला सोडायचं ठरलं. ती बाहेर पडण्याच्या बेतात असताना तिच्या लक्षात आलं, मार्सेला आतच आहे. केरन परत आत गेली. 'दोघींना सोडा, नाहीतर मीही राहते.' शेवटी दोघींना सोडलं.

मी मघाशी मैत्रेयाला लक्षात ठेवा म्हणालो होतो, तो हा असा. मित्र आत आहे तोवर आपण बाहेर पडायचं नाही.

आणि गंमत अशी, की दवाखान्यातल्या विदूषकांनी पुढे जी रीत बसवली, तिचा पाया हाच आहे. एकट्याने जायचं नाही. न्यूयॉर्कच्या पथकात काम केलेली कॅरोलिन सायमंड्स १९९१ मध्ये पॅरिसला गेली, तिथे तिने संस्था काढली. त्याच पथकातला वेलिंग्टन नोगेरा त्याच वर्षी ब्राझीलला परतला, त्याने साओ पाउलोत संस्था काढली. दोन्हीकडे नियम एकच, विदूषक जोडीने जाणार. जोडीचा उपयोग खेळापुरता नाही. एकजण मुलाशी बोलत असताना दुसरा आईकडे बघतो. एकाचा आवाज अडला तर दुसरा सावरून घेतो. आणि बाहेर आल्यावर 'आत जे झालं ते तूही पाहिलंस ना?' असं विचारायला कोणीतरी असतं. मला वाटतं, या शेवटच्या गोष्टीची किंमत सगळ्यात जास्त.

बाकीचे नियमही वाचण्यासारखे आहेत. आत जाण्याआधी सिस्टरकडून माहिती घ्यायची. कोण ऑपरेशनला चाललंय, कोणाला आज वाईट बातमी कळली, कोणाच्या जवळ जायचं नाही. दारावर थांबून मुलाला विचारायचं, 'येऊ का?' मूल नाही म्हणालं तर परत फिरायचं. हे फार महत्त्वाचं आहे. दवाखान्यात मुलाला कशालाच नाही म्हणता येत नाही. सुईला नाही, कडू औषधाला नाही, ऑपरेशनला नाही. सगळ्या इमारतीत एकच माणूस असा, की ज्याला ते 'जा' म्हणू शकतं! विदूषकाने तो नकार आनंदाने घ्यायचा. धडपडत, दारावर आपटत बाहेर जायचं. पुष्कळदा मूल त्या जाण्यालाच हसतं. वॉर्डातलं बाहेर कोणाला सांगायचं नाही. आठवड्यातले सगळे दिवस हे काम करायचं नाही, पॅरिसच्या संस्थेत आठवड्याला दोन दिवस. आणि फेरी संपली की नाक काढून, तोंड धुऊन, बसून बोलायचं.

नियम म्हटले की आपल्याला दुसऱ्यासाठी असतात असं वाटतं. हे नियम मुलासाठी आहेतच, पण निम्मे हसवणाऱ्यासाठीही आहेत. राजूला जी सुट्टी मिळाली नाही, ती इथे नियमातच लिहून ठेवली आहे.

हे मला एवढं जिव्हाळ्याचं का वाटतं ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आमच्याच हुडकेश्वर भागात राहतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. कुरिअरचं काम करतो, वर्गात होता तेव्हापासून नकला करण्यात पटाईत. चार-पाच वर्षांपूर्वी काही मुलामुलींनी मिळून रविवारी लाल नाक लावून रुग्णालयात जायला सुरुवात केली, त्यात हा होता. आमच्या विदर्भात सिकलसेलची मुलं पुष्कळ, ती पुन्हा पुन्हा भरती होतात. दुखणं उठलं की हाडं ठणकतात. त्या मुलांशी याची गट्टी जमली. मला भेटला की रंगवून रंगवून सांगायचा. मग एकदम दिसेनासा झाला. बऱ्याच दिवसांनी रस्त्यात भेटला, म्हटलं, 'काय रे, कुठे आहेस? जातोस की नाही रविवारी?'

'नाही सर, सोडलं.'

घरी घेऊन आलो. हिने चहा ठेवला. अर्धा तास इकडचं तिकडचं झालं, मग बोलला.

'सर, सगळ्यात कठीण काय असते माहीत आहे? रिकामी कॉट. मागच्या रविवारी एका पोराला फुग्याचा कुत्रा करून दिला होता. म्हणाला, पुढच्या वेळी वाघ पाहिजे. मी घरी बसून वाघ शिकलो. गेलो, तर त्या कॉटवर दुसराच पोरगा. सिस्टरला विचारलं, तर त्या घाईत होत्या. म्हणाल्या, 'गेला तो.' आता गेला म्हणजे घरी गेला का वर गेला, हेही समजून नाही राहिलं, सर. पुन्हा विचारायची हिंमत नाही झाली. तो वाघ त्या नव्या पोराला दिला आणि हसवत बसलो.'

मी विचारलं, 'बरोबरच्या कोणाला बोललास का?'

'ग्रुपवर सगळे फोटो टाकत होते सर, हसणाऱ्या बाहुल्या टाकत होते. त्यात मी काय लिहू? घरी आई म्हणाली, बरं झालं सोडलंस, रविवारी घरी तरी राहशील.'

'गेला' हा आपल्या भाषेतला किती साधा शब्द. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण त्या दिवशी त्या क्रियापदाचं ओझं कळलं. यात सिस्टरचा दोष नाही, तिच्याकडे एका वेळी किती मुलं असतात ते आपण जाणतो. ग्रुपमधली मुलंही चांगलीच. दोष असेल तर तो या समजुतीचा, की हसवणं हे काय काम आहे, त्याला काय नियम लागतात, लाल नाक घ्या आणि चला! चांगल्या मनाने गेलेला मुलगा चार महिने एकटा कुढत बसला, आणि आपण त्याला निरुत्साही म्हणालो.

आर्ली हॉक्सचाइल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवर एक पुस्तक लिहिलं. प्रवाशाशी हसून बोलणं हा त्यांच्या नोकरीचा भाग. बाईंनी त्याला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. ओझं उचलून पाठ दुखते तसं ठरवून हसण्यानेही काहीतरी दुखतं. वरवरचं हसू एक, आणि आतून तसं वाटून घेऊन आणलेलं हसू दुसरं. दोन्हींना कष्ट पडतात.

आम्हा मास्तरांना हे नवीन नाही. वडील गेले त्यानंतर शाळेत गेलो, तो पहिलाच तास चिं. वि. जोशींच्या विनोदी धड्याचा. वर्ग खळखळून हसला, मीही हसलो. बाहेर आलो तर आमचे एक सहकारी उभे. म्हणाले, 'तुमचा पुढचा तास मी घेतो, तुम्ही जरा बसा.' बस, एवढंच वाक्य. इतक्या वर्षांनंतरही ते विसरलो नाही. मला जोडीदार मिळाला होता.

अभ्यासांचं म्हणाल तर मुलांना फायदा होतो हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. २००५ मध्ये इटलीत चाळीस मुलांवर एक अभ्यास झाला. भूल देण्याच्या वेळी ज्या मुलांजवळ विदूषक होते त्यांची भीती कमी आढळली. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चोवीस अभ्यासांचा एकत्र आढावा आला, सोळाशेवर मुलांचा, त्याचाही सूर तोच. पण त्या इटलीच्या अभ्यासातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. तिथल्या डॉक्टर-नर्सना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मुलांना फायदा आहे हे खरं, पण बहुतेकांना विदूषक तिथे पुढे चालू ठेवायला नको होते. कामात अडथळा येतो म्हणून! आता त्या विदूषकाच्या जागी स्वतःला ठेवा. मूल तुम्हाला बोट धरून आत ओढतंय, आणि खोलीतली मोठी माणसं मनात म्हणताहेत, हा कधी जातो. हेही त्या पेशाचं एक दुखणंच. म्हणून ज्या देशांनी विदूषकाला रुग्णालयाच्या व्यवस्थेतच जागा दिली, तिथे हे काम टिकलं. इस्रायलमध्ये २००६ पासून हैफा विद्यापीठात याचं शिक्षण सुरू झालं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांताने २०१५ मध्ये कायदाच केला, मुलांच्या वॉर्डात विदूषक हवाच. आणि जिथून सुरुवात झाली ती न्यूयॉर्कची सर्कस मात्र २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथल्या विदूषकांनी आपली नवी संस्था काढून काम चालू ठेवलं. २०२० मध्ये कोरोनाने जगभर वॉर्डाची दारं बंद केली, तेव्हा कितीतरी विदूषक फोनच्या पडद्यावरून मुलांना भेटत राहिले.

आपल्याकडे काय? मुंबईत प्रवीण तुळपुळे आहेत. भारतीय नौदलात लेफ्टनंट कमांडर होते, ते सोडून पूर्णवेळ विदूषक आणि जादूगार झाले. 'पिंटू' हे त्यांचं विदूषकाचं नाव. कर्करोगाच्या मुलांसाठी त्यांनी कार्यक्रम केले आहेत. नौदलाचा अधिकारी लाल नाक लावतो, याला मराठी मध्यमवर्गात किती धैर्य लागतं ते मी सांगायला नको! दिल्लीत शीतल अग्रवाल यांनी २०१६ मध्ये स्वयंसेवकांचं पथक सुरू केलं, ते सरकारी बालरुग्णालयात जाऊ लागलं. चेन्नईत एका नाट्यसंस्थेचे विदूषक एग्मोरच्या मुलांच्या रुग्णालयात गेले. ऑरोव्हिलमध्ये फिफ फर्नांडिस आणि हमीश बॉइड या जोडप्याने प्रशिक्षणाचं काम उभं केलं.

आणि एक शोध तर मुंबईचाच आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसं घेऊन बागेत हास्य क्लब सुरू केला. आधी रोज एकेकाने विनोद सांगायचा असं होतं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी लोक दुखावू लागले. मग त्यांनी विनोदच काढून टाकला, सगळ्यांनी मिळून नुसतं हसायचं. सकाळी बागेत हे बघून लोक आम्हा म्हाताऱ्यांना वेडे समजतात, समजू देत. पण यात एक शहाणपण आहे. हसवायचं ओझं कोणा एकावर नाही.

वॉर्डात मात्र कोणीतरी ते उचलावं लागतं, कारण आजारी मूल बागेत येऊ शकत नाही. म्हणून उचलणाऱ्याची सोय आधी बघायला हवी. आमच्या नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मानेवाडा रस्त्यावर तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला मोठी कर्करोग संस्था झाली, मिहानला एम्स आलं. विदर्भच काय, मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही आईबाप लेकरं घेऊन येतात. इथे चांगले विदूषक तयार व्हायला काही कमी नाही. झाडीपट्टीच्या हंगामानंतर कितीतरी विनोदी नट रिकामे असतात. त्यांना शिकवून, मानधन देऊन, जोडीने हे काम दिलं तर? फुकटच्या सेवेबद्दल मला आदर आहे, पण जे काम माणसाला आतून झिजवतं त्याला पैसे आणि सुट्टी दोन्ही असावी. बालदिनाला फोटो काढून परत येणं हे काम नव्हे. आणि त्या फोटोतल्या लेकराला, त्याच्या आईला विचारलं होतं का, हाही प्रश्न आहेच.

माझा विद्यार्थी पुन्हा जाऊ लागला आहे. आता एका मैत्रिणीबरोबर जातो, एकटा कधी नाही. आत जाण्याआधी सिस्टरना भेटून पाच मिनिटं मागून घेतो. कोणती कॉट रिकामी झाली आणि का, हे तो आधीच विचारतो. बाहेर आल्यावर दोघं टपरीवर चहा घेतात, तिथे हसवायचं नाही असा त्यांचा नियम आहे. कधी बोलतात, कधी गप्प बसतात. कोणी शिकवलं म्हणून नाही, अनुभवातूनच ते दोघं पॅरिसवाल्यांच्या नियमांपर्यंत येऊन पोचले. मी त्याला केरन रिडची गोष्ट सांगितली. लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाला, 'सर, तिची मैत्रीण सुटली ना पण?'

सुटली म्हटलं. तेव्हा कुठे त्याने बिस्किट उचललं.

तुमच्या घरात, मित्रांत कोणी असं काम करत असेल, रुग्णालयात, वृद्धाश्रमात, अगदी शाळेतही, तर या रविवारी त्याला एक फोन करा. 'आज किती जणांना हसवलंस?' असं विचारू नका. 'जेवलास का? बरा आहेस ना?' एवढं विचारा. मग तो बोलेपर्यंत थांबा, मधे घाई करू नका.